स्टिअरिंग वळवल्यावर

शाळा अर्धवट सोडून मी कोकणातून नागपूरला आलो आणि गाड्यांच्या स्टिरिओच्या दुकानात लागलो. त्या दिवशी पहिल्यांदाच अख्खी गाडी माझ्यावर सोपवली होती. स्टिअरिंगवरची बटणं नव्या स्टिरिओला जोडायची होती. दोन्हींच्या मध्ये बसवलेल्या मायक्रोकंट्रोलरच्या चिपला मी प्रत्येक बटण दाबल्यावर येणारा व्होल्टेजचा आकडा मोजून शिकवला. काम बिघडलं तर परत घरी, हे डोक्यात होतंच.

मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी तपासायला स्टिअरिंग पूर्ण वळवून आवाजाचं बटण दाबलं. गाणंच बदललं.

"स्टिअरिंग सरळ ठेवूनच मोजलं ना गा?"

मी अवजारं पिशवीत भरू लागलो.

"काहून आवरून राहिला? वळवलं का आतली गुंडाळलेली तार हलते अन् आकडा सरकते. दोन्हीकडे वळवून मोज. गिऱ्हाइकाले मी चहावर बसवून ठेवतो."

आता दोन्हीकडे वळवून पाहिल्याशिवाय मी गाडी देत नाही. तोवर गिऱ्हाइकाला चहावर बसवून ठेवतो.