उलट्या पावलांचा रंगनाथ

“दारू ढोसून बैठकीत येतोस? उचला रे ह्याला!” सरदारांचा कारभारी असा गरजला, की धारच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली ती थेट मांडूला जाऊन बसली. फरशीवर आमचा रंगनाथ आडवा, आणि त्याच्या हातची गुलाबदाणी पाहुण्यांच्या मांडीवर. रिवाज असा, की अत्तरगुलाब दिल्यावर धन्याला पाठ दाखवायची नाही. मुजरा करत उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचं. नर्मदा उलट्या पावलांनी ओलांडली असती तरी ज्याच्या हातून थेंब सांडला नसता, तो त्या दिवशी दुसऱ्याच पावलाला कोसळला.

गेल्या महिन्यात तो देवासला वारला. बातमी आणणारा म्हणाला, “भिया, तो दारुड्या रंगनाथ गेला.” त्याला मी जोड्यानं मारणार होतो... जोडा पायातून निघेपर्यंत तो पळाला. अहो, होळीची भांगसुद्धा हा माणूस बाहीत ओतायचा!

धारहून हाकलल्यावर त्यानं देवास गाठलं होतं; तिथं एका गावात दोन राजे. एकानं हाकललेला रस्ता ओलांडतो आणि दुसऱ्याच्या राज्यात मानानं चाकरी धरतो. पण ‘दारुडा’ हा शब्द रंगनाथाच्या आधीच दोन्हीकडे जाऊन बसला होता. चाकरीचं त्याला फारसं नव्हतंच. हा पीत नाही, असं एका माणसानं तरी म्हणावं... एवढीच त्याची भूक.

शेवटी तिथल्या एका डॉक्टरनं त्याला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. मिटताच तो कापलेल्या झाडासारखा कलंडला. “ह्याला ॲटॅक्सिया म्हणतात,” डॉक्टर म्हणाला. “पाय कुठं पडतोय ही खबर मेंदूला पोचत नाही. डोळ्यांनी पाहून चालशील तोवर ठीक.” आणि पाठीला डोळे कुणाला असतात? रंगनाथानं तो शब्द स्तोत्रासारखा पाठ केला, चौकात ज्याला त्याला ऐकवला. “वा! आता विलायती प्यायला लागला!” लोक खिदळले. तो मेला तरी खिदळतच होते.

तेराव्याला मी भरल्या पंगतीतून उठलो. कारभारी, पाहुणे, दोन्ही राज्यांतले टवाळ, सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. “अरे, एवढी जीभ चालवलीत,” मी ओरडलो, “एकानं तरी कधी त्याचं तोंड हुंगून पाहिलं का?”

आतल्या कोपऱ्यातून त्याच्या बायकोचा आवाज आला.

“मी हुंगायचे, भाऊजी. रोज.”