सहा तासांची दुरुस्ती

फिकिर्तेला कुणी वेळ विचारली की ती आधी विचारणाऱ्याचं तोंड बघायची. शेजारीण असेल तर आमची वेळ सांगायची, साहेब असेल तर जगाची. अदिस अबाबात हे सगळ्यांनाच येतं. आमचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. तो माथ्यावर आला की आमचे सहा वाजतात आणि मावळला की बारा. जग मात्र भर दुपारी बारा वाजवतं. वाजवू दे बापडं. आमचं वर्षच तेरा महिन्यांचं, तिथं सहा तासांचं काय घेऊन बसलात!

यंत्रांना तोंड बघता येत नाही, म्हणून फिकिर्तेला नोकरी होती. देशभरातल्या दवाखान्यांतून तिच्या कार्यालयात नोंदी येत, कित्येक यंत्रं तो ढीग एका वेळी आपापसांत वाटून घेत, आणि फिकिर्तेनं लिहिलेला नियम प्रत्येक नोंदीत सहा तास मिळवून ती जगाच्या वेळेवर आणून ठेवी. बाई इतकी काटेकोर, की लग्नाचं आमंत्रण आलं तरी "कुठली वेळ?" म्हणून उलट फोन करायची. अशा पोरीला नवरा कसा मिळायचा, असं तिची आई ज्याला त्याला विचारी.

त्या वर्षी तिच्या ध्यानात आलं, की आफारच्या वाटेवरच्या एका दवाखान्याच्या नोंदी विचित्र येतात. सकाळी तिथं चिटपाखरू नसे. गर्दी व्हायची ती दिवस मावळल्यावर.

"भुतांचा दवाखाना दिसतोय," शेजारच्या टेबलावरचा गेताहुन म्हणाला. "डॉक्टर तरी जिवंत आहे का, विचार."

फिकिर्तेनं फोन लावला. परदेशात शिकून आलेली एक नर्स भेटली. ती पहिल्या दिवसापासून जगाच्याच वेळेनं नोंदी लिहीत होती, आणि त्यावर नियम आणखी सहा तास चढवत होता. दुपारच्या बाराची संध्याकाळ होत होती. भूत पकडलं म्हणून गेताहुननं टाळी मागितली.

दुरुस्ती सोपी होती. पण ती यंत्रांवर सोडण्याआधी फिकिर्ते एखादी अशी नोंद तपासून बघायची, जिची खरी वेळ तिला स्वतःला ठाऊक असेल. त्या दवाखान्यातली तशी एकच होती. हाब्तामूच्या मरणाची.

हाब्तामू हा एमामा अल्गानेश यांचा एकुलता एक मुलगा. एमामा म्हणजे आमच्याकडे आजीबाई; त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात कॉफी भाजून, कुटून सगळ्यांना पाजायच्या. पोरगा जिबूतीच्या बंदरावर ट्रक न्यायचा, आणि आदल्या वर्षी त्याच वाटेवर ट्रक उलटून तो गेला. नोंदीत सूर्यास्ताची वेळ होती. ती बरोबरच असणार, कारण त्या दुपारी कॉफी चालली असताना त्याचा फोन आला, तेव्हा फिकिर्ते तिथंच बसली होती. "जेवलास का रे?" असं एमामांनी विचारलेलं तिनं कानांनी ऐकलं होतं. पुढे वर्षभर एमामा सगळ्यांना तेच सांगत राहिल्या. "भूक नाही म्हणाला. ऊन मी म्हणतंय, पण मला गार वाटतंय म्हणाला." त्या एका फोनच्या आधारावर बाई जगत होती.

फिकिर्तेनं दुरुस्त नियम चालवला. हाब्तामूचं मरण दुपारी बारावर आलं. कॉफीच्या कितीतरी आधी.

आपलंच चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा चालवून पाहिलं, आणि मग नर्सला फोन केला.

"आठवतंय की," नर्स म्हणाली. "भर दुपार होती, सावली पायाखाली. आणला तेव्हाच संपला होता."

"त्याचा फोन कुणी वापरला का?"

"कसला फोन? त्याचा चुरा झाला होता. खिशातून तुकडे मीच काढले."

बाहेर लख्ख ऊन होतं. व्हरांड्यातून कॉफी भाजल्याचा वास येत होता. नियम सोडला की मृत्यूच्या दाखल्यावरची वेळ बदलणार. एमामांना तो कधीतरी वाचून दाखवला जाणार, आणि मग त्या फोनचं काय करायचं त्यांनी? एकच नोंद चुकीची ठेवली तर कुणाला कळणार होतं? पण तेही तिला जमेना. ती उठून बाहेर गेली.

"एमामा, हाब्तामूच्या वेळेबद्दल जरा बोलायचं होतं."

एमामा निखारे फुंकत होत्या. "दुपारी गेला, हेच ना? लिही की मग. खरं ते लिहावं."

फिकिर्ते त्यांच्या शेजारी बसली. आमच्यात मरणाची बातमी आईला लगेच सांगत नाहीत. वडीलधारी माणसं जमतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजवतात. एमामांचंही दार पहाटेच वाजलं होतं. तोवर त्यांना काही माहीत नव्हतं, असंच सगळे धरून चालले होते.

"त्या दुपारी घरी जेवून इकडे परत येत होते," एमामा म्हणाल्या, "तर गल्लीत मंडळी मयताच्या तंबूचे खांब उभारायला काढत होती. मला पाहिलं नि गप्प. मेल्यांना एक तोंड लपवता येत नाही! अगं, आमच्या गल्लीतून ट्रकवर जाणारा एकच पोरगा. पहाटेपर्यंत कशाला थांबायला हवं होतं मला?"

"मग तुम्ही कॉफी करायला का आलात?"

"घरी बसले असते तर रडले असते. रडले असते तर खरं झालं असतं." त्यांनी पदरानं हात पुसले. "आणि मग त्याचा फोन आला."

"एमामा, सगळं माहीत असून जेवलास का असं कसं विचारलंत?"

"दुसरं काय विचारू? बोलण्यावरून कळलं ना मला. त्याला ठाऊकच नव्हतं गं. त्याला वाटत होतं, ट्रकच्या सावलीत पडलोय जरा. मग मी पण नाही सांगितलं."