मनावर घेऊ नका

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं एकच काम, आणि तीस वर्षं तो कुठंही पोचायच्या आधी त्याच्याबद्दलचा शब्द तिथं पोचलेला असायचा. वडील म्हणायचे, तिरपागडा. आई म्हणायची, छांदिष्ट आहे हो माझं पोर. अर्थ तोच, फक्त वर साखर पेरलेली. शेजारीपाजारी अर्धवट म्हणायचे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तर सरळ त्याच्या तोंडावर 'काय चक्रम!' म्हणायचे आणि खो खो हसायचे. आणि मी? मी सगळ्यांत वाईट. मी नावं ठेवायचे नाही, मी आधीच माफी मागून मोकळी व्हायचे. "जरा सटकलेला आहे, मनावर घेऊ नका." समोरच्यानं तोंड उघडायच्या आत.

असं करायचा तरी काय? लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढायचा. अनवाणी उभा राहून डोळे मिटायचा आणि चार फेऱ्या मारायचा. "पायांना कळतं ते मीटरला कळत नाही," म्हणायचा. मग भिंतीला कान. मग बाहेर येऊन सांगणार, "बाईंना दम लागतोय," नाहीतर "हिचा आज घसा बसलाय." शहाण्या माणसानं सांगितलं असतं, वंगण कमी पडलंय. याची जीभ तशी वळायचीच नाही. लिफ्टबद्दल बोलणार माणसासारखं आणि माणसाबद्दल लिफ्टसारखं. मला ताप आला की उशाशी बसून विचारायचा, "ताई, कितव्या मजल्यावर आहेस?"

एकदा त्याच्या कंपनीचे मोठे इंजिनियर आले. त्यांनीही बूट काढून लिफ्टमध्ये पाय टेकले म्हणे. सेक्रेटरी मला कौतुकानं सांगायला आले, तळमजल्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे तिथं. "काय तपस्वी माणूस हो!" मी दोरा तोडला आणि विचारलं, "आणि माझा भाऊ चपला काढतो तेव्हा?" "अहो, ते वेगळं," म्हणाले. वेगळं काय ते मला दिसत होतं. इंजिनियरांचे बूट चकचकीत होते आणि याच्या चपलेला मीच दोनदा टाके घातले होते.

एका वर्षी त्यानं आमचीच लिफ्ट बंद केली. बिघाड काही सापडेना, पण हा हटून बसला: "ही काहीतरी लपवतेय." सात मजले! लोक जिने चढत त्याच्या नावानं बोटं मोडत होते, आणि मी दुकानाच्या दारात उभी राहून एकेकाला सांगत होते, चक्रम आहे हो, मनावर घेऊ नका. तिसऱ्या दिवशी त्यानं वरच्या मशीनच्या खोलीत लिफ्टचा पोलादी दोर उतरवून पाहिला, तर वंगणाखाली तारा तुटत आलेल्या. त्या दिवशी तो 'अवलिया' झाला. आठवड्यात पुन्हा चक्रम.

लग्नाचंही तेच झालं. ग्रंथालयात काम करणारी एक बाई त्याला आवडली होती. एकदा ती घरी चहाला आली, आणि मी शहाणीनं तिला दारातच बाजूला घेऊन सांगितलं, थोडा विचित्र आहे, पण मनाचा चांगला. चहा संपेपर्यंत तीनदा सांगितलं असेल. ती परत आली नाही. दोन वर्षांनी पडदे शिवून घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "मला ते बरे वाटले होते. तुम्हीच इतक्यांदा सांगितलंत की मला भीती वाटली." हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

मागच्या वर्षी एका सकाळी तो दुकानात येऊन स्टुलावर बसला. चेहरा पांढराफटक. "ताई, आतली केबिन अडकतेय. दोन मजल्यांच्या मध्येच. मग एकदम सुटते आणि धाडकन खाली. तेव्हा दिवे जातात."

मी हातातलं टाकलं आणि त्याला दवाखान्यात नेलं. बाकावर नंबरची वाट बघत होतो, तेव्हा तो म्हणाला, "ताई, एक मागू?"

"माग की."

"आत गेल्यावर ते 'मनावर घेऊ नका' नको म्हणूस. आज त्यांनी मनावर घ्यायला हवंय."

"नाही रे म्हणत," मी म्हटलं. "बरा आहेस ना?"

डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग ही लांबलचक. काय होतंय विचारलं. भावानं सगळं सांगितलं; केबिन, मजले, दिवे. डॉक्टरांचं पेन थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला लहानपणापासून पाठ आहे. ती दिसली की माझं तोंड आपोआप चालतं.

"डॉक्टर, तो जरा सटकलेला आहे. नेहमी असंच बोलतो. मनावर घेऊ नका."

डॉक्टर हसले. मीही हसले. तपासून घ्यायला सोडलेली शर्टाची बटणं भावानं खाली मान घालून परत लावली. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या.

जिना उतरताना मी म्हटलं, "तोंडातून निसटलं रे."

"असू दे, ताई. गोळीनं वाटेल बरं." कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. रागावला नाही गाढव. रागावला असता, चार शब्द सुनावले असते, तर मी त्याला घेऊन तशीच परत वर गेले असते.

चौथ्या दिवशी दुपारी तो आमच्याच लिफ्टमध्ये गेला. अनवाणी, भिंतीला टेकून बसलेला. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या. सेक्रेटरी डोळे पुसत म्हणाले, "अवलिया होता हो." त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग मी माझ्याच हाताकडे बघत बसले.

मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांसाठी पुन्हा दवाखान्यात जावं लागलं. खिडकीतल्या बाईंनी त्याचा केसपेपर पुढे सरकवला. त्यावर तो बोलला होता त्यातलं एक अक्षर नव्हतं. अडकणं नाही, सुटणं नाही, दिवे जाणं नाही. एवढंच होतं: 'पित्ताचा त्रास. स्वभाव विक्षिप्त, बोलण्यावर विसंबू नये. माहिती देणार: बहीण.'

"बहीण तुम्हीच ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग इथं सही करा."

मी सही केली.