पुनवेची पाहणी

हिराबाई स्वतःच्या पाटीतल्या मासळीवरही विश्वास ठेवत नसे. सालवडला आमच्या चाळीपुढे पाटी उतरवली की आधी स्वतःच कल्ले उघडून बघायची. तिच्या गावाहून, दांडीहून येताना वाटेत पापलेटाचं मन बदललं असेल, अशा नजरेनं. मी साताऱ्याचा, तारापूरला कारखान्यात नोकरी. मासळी ओळखायला तिनंच शिकवलं. "डोला बग, भाऊ. आंग सगल्यांचंच चकचकीत असतं."

पाम गावाजवळ, खाडीच्या कडेला, तळमजल्यावरचं घर मला पसंत पडलं. आयुष्यभराची पुंजी त्यात जाणार होती. इमारतीला राजवाड्याची कमान होती. राजवाडा मात्र कमानीमागे कुठे दिसत नव्हता. हिराबाईनं एकच विचारलं, "कोन्त्या दिवशी बगितलं?"

मी दोन तारखा सांगितल्या. तिनं बोटांवर तिथी मोजल्या. "एक अष्टमी, एक नवमी. भांगाचं पानी. तेवा खाडी झोपलेली असते. पुनवेला दुपारी उधाण असतं, तेवा जाऊ. सांगून नको जाऊ."

मला तिचाच संशय आला. आम्ही पामला गेलो तर तिचं रोजचं गिऱ्हाईक जाणार होतं. तसं बोलूनही दाखवलं.

"जानारच ना," ती म्हणाली. "म्हनून काय पानी यायचं थांबंल?"

पुनवेच्या दुपारी पार्किंगमध्ये घोटाभर पाणी होतं. घर दाखवणारा टायवाला तरुण धावत आला. "पाइपलाइन फुटली, सर. उद्या दुरुस्त होईल." बोलताना तो हिराबाईकडे बघत नव्हता. ती वाकली, बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

"पायपात मीठ कोन टाकतो रं?"

मी ते घर घेतलं नाही. पुढे सालवडलाच तिसऱ्या मजल्यावर घेतलं, तेही दोन पुनवा आणि एक अमावास्या बघून. जिने चढताना हिराबाई मला शिव्या घालायची.

गेल्या वर्षी ती वारली. दांडीला तिच्या घरी भेटायला गेलो, तर ओट्यावर मुंडन केलेला, तोच घर दाखवणारा तरुण बसलेला. तिचा मुलगा.

"तुमी तलमजलेवाले ना?" त्यानंच ओळखलं.

"ती त्या दिवशी काही बोलली नाही," मी कसंबसं म्हणालो. "तू तिचा मुलगा आहेस हे..."

"मला पन काय नाय बोलली. घरी आलो, तर ताट वाढलं. बोलली, जेवून घे."

ओट्यावरची तिची रिकामी पाटी त्यानं सरळ केली.

"जेवन नाय गेलं. सकाली नोकरी सोडली."