बापूशेठचा झाकलेला पियानो

घरी पाहुणा आला की बापूशेठ पाणी विचारायच्या आधी पियानो दाखवत. डहाणूत चिकूची वाडी असलेली माणसं पुष्कळ. पियानो असलेले आमच्या आळीत हे एकटेच, आणि ते कुणाला विसरू देत नसत. ताडपत्रीची दोरी सोडायची, प्लॅस्टिक काढायचं, खालची चादर उचलायची आणि पाहुण्याचा हात पुढे आला की ओरडायचं, "हां हां, हात नको! वस्तू वापरली की वस्तू गेली."

मी मुंबईच्या एका शाळेत जन्मभर पियानो शिकवला, निवृत्त झाल्यावर स्वतःचा विकून त्यांच्या शेजारी राहायला आले. इतका मूर्ख मालक मी पाहिला नाही. पियानो समुद्राकडच्या खिडकीलाच टेकवलेला. मी म्हटलं, "शेठ, खाऱ्या हवेने तारा गंजतात. आतल्या भिंतीला घ्या. प्लॅस्टिक काढा, आत ओल साचते. वर्षातून एकदा मुंबईहून माणूस बोलावून सूर लावून घ्या, आणि रोज कुणाला तरी वाजवू द्या."

"तारा पिळायला मुंबईचा माणूस? माझा पंपवाला पिळेल ना, बाई! आणि आत घेतला तर रस्त्यावरून दिसणार कसा?"

पट्ट्या जड झाल्या तेव्हा या गृहस्थांनी फटींतून खोबरेल सोडलं. खंडेनवमीला कोयते, पंप आणि फवारणीच्या टाक्यांबरोबर पियानोचीही पूजा होई. नारळ फोडला की पाणी थेट पट्ट्यांवर शिंपडत. वर्षातून तेवढ्यापुरतं झाकण उघडायचं.

त्यांची सून वैशाली तलासरीची. शाळेत सिस्टरांकडे पियानो शिकलेली, हात सुरेख. तिला बघायला गेले तेव्हा शेठ म्हणाले होते, "घरात पियानो आहे, पाहिजे तेवढा वाजव." त्या एका वाक्यावर तिने होकार दिला, हे तिनेच मला सांगितलं. लग्नानंतर तिने झाकणाच्या कुलपाची किल्ली मागितली. आधी "दिवाळी होऊ दे", मग "सीझन संपू दे". किल्ली शेठच्या करगोट्यालाच राहिली. वैशाली संध्याकाळी माझ्याकडे यायची आणि जेवणाच्या टेबलावर बोटं चालवायची. मला त्या माणसाची किळस येई.

धाकट्या मुलीच्या साखरपुड्याला मात्र व्याह्यांवर छाप पाडायला शेठनी स्वतः किल्ली काढली. "वाजव बेटा, बघू दे त्यांना."

वैशाली बसली. तिने पट्टी दाबली. ती खाली गेली आणि खालीच राहिली. दुसरी, तिसरी, तसंच. मधेच गंजलेल्या रहाटासारखा एक आवाज निघाला आणि फटीतून झुरळ बाहेर आलं. शेठ व्याह्यांकडे वळून हसले. "शिकलेय म्हणाली होती. काही येत नाही हिला."

"तिला येतं, शेठ," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "तुम्हाला पियानो ठेवता येत नाही." त्यांनी लगेच सगळ्यांना जेवायला बसवलं.

गेल्या पावसाळ्यात बापूशेठ गेले. मला रडू आलं नाही, आणावंसंही वाटलं नाही. काही दिवसांनी वैशालीने साधा कीबोर्ड घेतला. आता रोज संध्याकाळी वाडीभर ऐकू येतो.

पियानोचं काय केलंस, मी विचारलं. तिने त्याची खालची फळी काढून दाखवली. आत पेंढ्यावर चिकू मांडलेले होते.

"बंद जागा आहे ना बाई, लवकर पिकतात," ती म्हणाली आणि एक चिकू माझ्या हातावर ठेवला. "वस्तू वापरलेली बरी."