ग्वाटेमालाच्या कॉफीत जायफळ

मुलीने ग्वाटेमालाहून आणलेली कॉफी मी नेहमीसारखी दुधात उकळली आणि वर जायफळ किसलं.

"आई, ज्वालामुखीच्या मातीतली कॉफी गं ही! हिला कोकोचा, संत्र्याच्या सालीचा वास असतो, तो सगळा मारलास तू."

मी ओशाळले. पाकिटावर कॉफीची लाल फळं खुडणारी एक बाई हसत होती. "हिच्या घरी तरी नीट करत असतील," मी म्हटलं.

"कसली करतायत! या मळ्यांसाठीच हिच्या पूर्वजांच्या जमिनी बळकावल्या. आजही चांगल्या बिया परदेशी जातात, हिला राहतो तो टाकाऊ माल."

मी कप बाजूला सरकवला. वास उडू नये म्हणून मी पाकिटाचं तोंड दुमडलं. त्या घडीत बाईचे डोळे झाकले गेले, आणि खरं सांगते, मला जरा सुटल्यासारखं वाटलं.