गाडीला देवी आल्या

जालन्यात काळ्या रंगाची गाडी बाळगणं म्हणजे धुळवडीला पांढरंशुभ्र धोतर नेसून चौकात उभं राहणं. माझ्या वडिलांनी दोन्ही केलं. धोतराचं काय झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. गाडीचं सांगतो.

नव्वदच्या आसपासचे दिवस. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान, आणि घरी अंगणात कडुलिंबाखाली एक चार दारांची काळीभोर गाडी. वडिलांनी ती जुनीच घेतली होती, पण तिच्यात बघून भांग पाडता येईल अशी ठेवली होती. ते खरोखर पाडायचेही. दुकानाला निघताना बॉनेटपुढे वाकायचे, खिशातला कंगवा काढायचे आणि डावीकडून उजवीकडे असा हात फिरवायचे, की जणू पडदा वर जायचाय आणि नायक तेच आहेत. गल्लीत कुणी हसलं तर त्यालाच हाताला धरून आणायचे. "या, बघा, कोण हसून राह्यलंय ते."

या गाडीचा एकच वैरी होता, आमचा बोअर. पाणी भरपूर, पण खारं. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, हंड्याला आतून पांढरा थर चढायचा. तेच पाणी गाडीवर पडून उन्हात वाळलं की पाणी निघून जायचं आणि त्यातला खार तिथंच बसायचा. काळ्या रंगावर गोल गोल पांढरे ठिपके. वडील म्हणायचे, "गाडीला देवी आल्या." त्यांच्या लहानपणी गावात देवीचे वण असलेली तोंडं घरोघरी होती. रोग गेला, शब्द आमच्या गाडीवर राहिला.

देवी येऊ नयेत म्हणून वडिलांचे नियम होते. गाडी सकाळीच धुवायची, पत्रा गार असताना, सावलीत. नवं फडकं लावायचं नाही, कारण नव्या कापडात खळ असते आणि खळ रंगाला ओरखडते. कापडवालाच तो, त्याला कोण शिकवणार? आईचं सुती लुगडं विरायला कधी येतं याची ते वाट बघत असायचे. आणि शेवटचा नियम ते बोट वर करून सांगायचे, "पाणी कुणी पण मारतंय. पुसायला माणूस लागतो. गाडी आपोआप वाळू द्यायची न्हाई."

पुसण्याचं पाणी मात्र गोडं लागायचं, आणि गोडं पाणी फक्त नळाचं. नळ येणार कधी, हे नळालाच माहीत. ते पाणी आईच्या रांजणात असायचं, पिण्यापुरतं, आणि त्या रांजणावर तिचा पहारा. तरी रोज सकाळी वडील तांब्या घेऊन चवड्यांवर स्वयंपाकघरात शिरायचे. आवाज झाला की खोकायचे, म्हणजे खोकलाच आलाय असं वाटावं.

"रांजणाला भोक पडलंय का कुणास ठाऊक," आई चुलीकडे तोंड करून म्हणायची.

"उन्हाळा आहे. पाणी उडून जातं."

"उडतं, अन् जाऊन गाडीवर बसतं?"

मी हा प्रयोग अनेक वर्षं फुकट पाहिला. नंतर एका फाल्गुनात वडील दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत.

आमच्याकडे दवाखान्यात भेटायला जाणारा माणूस मोसंबी घेऊन जातो. मोसंबीचा मुलूखच तो. वडील गेले तेव्हा घरी मोसंब्यांची अर्धी गोणी उरली होती. ती कुणी खाईना, कुणी फेकेना. कोपऱ्यात पडून राहिली.

दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीला सुई देतात. मग आपण गालाला चिमटा काढला तर गाल दुसऱ्याचा वाटतो. माझं सगळं अंग तसं झालं होतं. माणसं गळ्यात पडून रडायची आणि मी त्यांच्या सदऱ्याचं कापड कोणतं ते ओळखायचो. टेरिकॉट. पॉपलिन. आई रडतही नव्हती. विचारलं तर हो किंवा नाही, आणि जेवण म्हणजे भाताचे दोन घास.

बदनापूरचा मामा, आईचा धाकटा भाऊ, तेराव्याला म्हणाला, "आक्का, चार दिवस माहेरी चल." बाकी कुणाच्याही बोलण्याला न हललेली आई एवढंच म्हणाली, "ह्यांच्या गाडीत येईन." आम्हाला केवढा धीर आला! ती घराबाहेर पडणार होती, कुठंतरी बसून जेवणार होती. मामा तयारीला पुढं निघून गेला.

निघायच्या दिवशी माझ्या चुलत्याच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, मन लावून गाडी धुतली. बोअरला पाइप लावून, भर दुपारी, कडुलिंबाखालून उन्हात ओढून. वर आरामात म्हणाला, "वाळू दे बराबर, मंग काढू."

आई पिशवी घेऊन पायरीवर आली. गाडी छपरापासून चाकापर्यंत पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती.

"देवी आल्या," ती म्हणाली. "अशी गाडी ह्यांनी गल्लीच्या बाहेर काढली नसती." पिशवी तिथंच ठेवली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दादा कासावीस झाला. "मी तर चांगलं करायला गेल्तो रे!"

"डाग खाराचा आहे. आंबट लावलं तर निघतो," मी म्हणालो. "लिंबू पाहिजे."

"लिंबू उन्हाळ्यात कुठं शोधतो? ही मोसंबी पडली ना गोणीभर."

"दादा, मोसंबी गोड असते."

"असंल. लिंबू अन् मोसंबी एकाच खानदानातले. चुलतभाऊ समज. तुझं माझं काय निराळं हाय?"

एरवी मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी मी "बरं" म्हणालो. आम्ही मोसंब्या चिरल्या आणि बॉनेटवर घासल्या. आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेली फळं आम्ही त्याच्या गाडीला पाजली. डाग हलले नाहीत. रस मात्र चिकटला, आणि थोड्याच वेळात कडुलिंबाच्या झाडावरून मुंग्यांची वरात निघाली. लाल, शिस्तीत, बंपरवरून बॉनेटवर, बॉनेटवरून काचेवर. दादा टॉवेल झटकत गाडीभोवती नाचत होता. "चला, उतरा खाली! हिच्या मायला, चावली!" आजही कुठल्याही लग्नात मी हा प्रसंग उभा राहून, टॉवेलासकट करून दाखवतो आणि माणसं जेवण विसरतात. तेव्हा मी शांतपणे मुंग्या बघत होतो. कुठून चढतात आणि कुठं जातात, एवढंच.

शेवटी बाजारातून लिंबं आणली. गाडी सावलीत ढकलली, पत्रा गार होऊ दिला. लिंबाचा रस पाण्यात पातळ करून तळहाताएवढ्या जागेवर फडक्यानं टिपायचा, खार सुटेपर्यंत थांबायचं, लगेच धुवायचं, लगेच पुसायचं. मग पुढची जागा. रस जास्त वेळ राहिला तर रंगच खाईल. पाण्यासाठी मी सवयीनं बोअरच्या नळाकडे वळलो.

"त्यानं परत येतील."

आई दारात उभी होती. कमरेवर घागर. ती तिनं माझ्याजवळ टेकवली. गोडं पाणी होतं, काठोकाठ.

"रांजणातलं?" मी विचारलं.

"त्यातलं कशाला? हे त्यांचं." ती पायरीवर बसली. "दर नळाला एक घागर जास्तीची भरते मी, अजून. ते होते तोवर रांजणात ओतून ठेवायची. न्हाई तर त्यांना चोरायला काय राहिलं असतं?"

एवढं ती त्या महिन्यात प्रथमच बोलली होती. मी पुसत राहिलो. संध्याकाळपर्यंत ठिपके गेले. छपरावर उन्हानं आतपर्यंत भाजलेले थोडे वण तेवढे राहिले. ते आईला दिसणार नव्हते, ती बुटकी होती. वरून पॉलिशचा पातळ हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या सीटवर बसली. गाडी बदनापूरकडे निघाली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली रिकामी रानं मागं जात होती आणि मी फक्त बॉनेटवर धूळ किती बसते ते बघत होतो.

मामाच्या दारात गाडी उभी राहिली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पायावर पाणी. मामी तांब्या घेऊन आली, आईनं पाय धुतले, मी धुतले. मग मामानं हौदातून बादली भरली आणि गाडीसमोर उभा राहिला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"दाजी तर आले न्हाईत," तो म्हणाला. "मंग त्यांच्या गाडीला तरी पाय धुवायला पाणी."

आणि त्यानं बादली अशी फिरवली की चाकांसोबत बॉनेटही न्हालं. त्याच्याकडेही बोअरचंच खारं पाणी. सकाळ चढली होती, ऊन थेट गाडीवर.

"अरे थांब, मुडद्या!" आई ओरडली. गल्लीतली दारं उघडली. "पूस आधी! वाळलं तर देवी येतील! फडकं आण, जल्दी!"

मामा बादली धरून नुसता उभा. "आक्का, मला काय म्हाईत..."

"तुला कधी काय म्हाईत होतं?"

फडकं येईपर्यंत तिला दम कुठला. तिनं पदर ओढला आणि बॉनेट पुसायला लागली. एका दिशेनं, काचेकडून खाली, वडील पुसायचे तसं. मामी मागून "वन्सं, पदर! पदर भिजून राह्यला!" म्हणत होती. आई ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, बॉनेटवर पडत होतं, आणि ती तेही पुसत होती. तेही खारंच.

माझी हिरडी अजून बधिर होती. पण मी खिशातून रुमाल काढला आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली.

"तिकडं हेडलाइटखाली," आई म्हणाली. "राहिलं बघ."